फडक्यावरचं गुलाबी कडं

निमंत्रणपत्रिकेवर कुंदननं काढलेलं चित्र छापलं होतं, तळहाताएवढं. पोस्टमन देऊन गेला तेव्हा मी अंगणात तूर निवडत होते. चष्मा पुसला, पत्रिका उन्हात धरली, आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात खाली लाल डाग दिसला. डागाच्या भोवती गुलाबी कडं होतं. ते मी कुठेही ओळखलं असतं. ते माझ्याच हातानं पडलं होतं.

तूर तशीच सुपात राहिली. मी करडीला, रीताच्या सासरी, फोन लावला आणि तिला म्हटलं, कुंदनच्या चित्राचा कार्यक्रम आहे भंडाऱ्याला, तू ये. मला तुझ्याशी बोलायचं आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही.

रीता माझ्या मोठ्या जावेची, शोभाताईंची मुलगी. शोभाताईंना जाऊन सहा वर्षं झाली. कुंदन माझा मुलगा. आता त्याला नागपूर-मुंबईचे लोक ओळखतात. त्याच्या चित्रात माणूस नसतो, झाड नसतं, नुसते रंग असतात. पूर्वी मी विचारायची, हे काय काढलंस. तो म्हणायचा, "आई, चित्राले अर्थ नाही विचारत. पाहणाऱ्यानं आपला आपण शोधावा." मग मी विचारणं सोडलं.

आमचं घर आंधळगावात, विणकरांचं. चार माग होते. माझे भासरे चंद्रभान, म्हणजे शोभाताईंचे यजमान, आणि माझे यजमान, दोघे भाऊ कोशाच्या रेशमाची पातळं विणत. पांढरं किंवा बदामी अंग आणि लाल किनार. अंग कोणीही विणेल, नाव किनारीच्या लालवर व्हायचं. आणि तो लाल रंग शोभाताईंचा होता.

रंगाचा हंडा मागच्या आवारात, चिंचेखाली. आमच्याकडे हंड्याला एकाच बाईचा हात लागत असे. शोभाताई धाग्याची लडी बुडवत, उकळत, काठीनं फिरवत आणि शेवटी जाळ विझवून लडी त्याच पाण्यात सोडून देत. पाणी पार थंड होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. सकाळी उकळलेला लाल दिवस मावळताना बाहेर निघायचा. लडी पिळून झाली की शोभाताई ओला हात मागच्या बांबूवर टांगलेल्या फडक्याला पुसत. चार बोटं वरून खाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात ते वाळलेले चार पट्टे बघायचे, कारण ओला रंग खोटं बोलतो, वाळला की खरा कळतो. मग अंगठा थुंकीनं ओला करून पट्ट्यावर दाबायचा. रंग जागचा हलला नाही तर लडी मागावर जायची. भोवती गुलाबी कडं आलं तर लडी परत हंड्यात.

ते फडकं कधी धुतलं नाही. आमच्याकडे नमुन्याची वही नव्हती, तेच फडकं होतं. कोणाला मागच्या साली नेलेल्या पातळाचा लाल हवा असला तर शोभाताई फडक्यावर बोट ठेवून सांगत, हा का हा. वर्षानुवर्षं रंग खाऊन ते वाळल्या कातड्यासारखं झालं होतं. कुठे जांभळा, कुठे हळदी, कुठे हिरवा, पण जास्त करून लाल.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला हंड्याजवळ बसू दिलं. हे आमच्या सासूला आवडलं नव्हतं. शोभाताई म्हणाल्या, हिची नजर चांगली आहे, शिकू दे. चार वर्षं मी बघत बसले. मला सगळं येत होतं, नुसतं बसून राहणं तेवढं येत नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर नागपूरच्या एका लग्नाची अकरा पातळं विणायची होती. सेठचा माणूस दोनदा येऊन गेला होता. तेवढ्यात दिघोरीहून शोभाताईंच्या माहेरचा निरोप आला, मावशी गेली. त्या रीताला घेऊन एका रात्रीसाठी निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "रत्ना, लाल उकळू दे आणि तसाच ठेव. त्याच पाण्यात निवू दे. मी उद्या दुपारी येतोच."

त्याच दिवशी बाजूच्या गावात मंडई होती. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाळणे येतात, रात्रभर दंडार आणि नाटक चालतं. मी चोवीस वर्षांची होते, चौथा महिना चालू होता, आणि आळीतल्या सगळ्या बाया बैलबंडीत बसून निघाल्या होत्या. बंडी दारात थांबली आणि मी हंड्याकडे बघितलं. पाण्यातून वाफ निघत होती. मी काठीनं लड्या उचलल्या, विहिरीचं पाणी ओतून थंड केल्या, पिळल्या, दोरीवर टाकल्या, हात फडक्याला पुसला आणि बंडीत जाऊन बसले.

नाटक कोणतं होतं ते आज मला आठवत नाही. विहिरीच्या पाण्याखाली त्या लड्यांतून लाल धार वाहिली होती, ती आठवते.

सकाळी मी एकटीच फडक्याजवळ गेले. अंगठा ओला केला, दाबला. बघता बघता गुलाबी कडं आलं, रुपयाएवढं, मग त्याहून मोठं. लड्या परत हंड्यात घालायला वेळ होता. पण घातल्या असत्या तर का घातल्या हे सांगावं लागलं असतं. माझ्या यजमानांचा हात लवकर उठायचा. मी लड्या दोरीवरून काढून मागाजवळ ठेवल्या.

दुपारी शोभाताई आल्या. पाय धुता धुता त्यांनी विचारलं, निवू दिलं होतं ना. मी हो म्हटलं.

लग्न झालं, पातळं पहिल्या पाण्यात गेली आणि अकराच्या अकरा परत आली. पांढऱ्या अंगावर लाल ओघळ. सेठ ओट्यावर बसून एकेक घडी उलगडत होता आणि शेजारचे जमले होते. माझे यजमान म्हणाले, हंड्यावर कोण होतं? पुरुषांना लाल कोणत्या दिवशी उकळला हे कुठे ठाऊक असायचं. शोभाताई मागच्या आवारात गेल्या. मी दारातून बघितलं. त्या फडक्यासमोर उभ्या होत्या. माझी बोटं त्यांच्याहून बारीक आणि आखूड होती, पट्टे कोणाचे हे त्यांना विचारावं लागलं नसतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि ओट्यावर जाऊन म्हणाल्या, "हंडा माह्या हाती आहे, तर रंग माहाच."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता, तो मी जाऊ दिला.

त्या दिवसापासून हंडा माझ्याकडे आला. शोभाताईंना मागासाठी धाग्याच्या कांड्या भरायला बसवलं. त्यांचा हात उतरला असं सगळी आळी म्हणू लागली, आणि मग कोणी हळदीकुंकवाला नवी साडी दाखवतानाही त्यांच्यापुढे धरेना. मी मात्र घाबरून इतकी सांभाळून रंगवत गेले की दोन वर्षांत माझ्या लालचं नाव झालं. भासरे पाहुण्यांना सांगत, हा धाकट्या सुनेचा लाल. शोभाताई कांड्या भरता भरता ऐकत.

त्या मला पुढे कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. कुंदनला त्यांनीच वाढवला, मी हंड्यावर असायची.

आणि रीता. ती दहा-बारा वर्षांची झाली तेव्हा हंड्याजवळ येऊन बसू लागली. नजर आईची. एकदा लडी पाण्यात असतानाच म्हणाली, काकी, हा वाळला की विटकरी होईल. आणि झालाच. ती शिकली असती तर एक दिवस त्या कोपऱ्यातल्या गुलाबी कड्याजवळ बोट ठेवून विचारलं असतं, हे कोणाचं. मी तिला उठवलं. आळीतल्या दोन बाया बसल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हटलं, "रंगाजवळ नको येऊ, बाई. तुह्या मायचा हात आहे तुले."

ती उठून गेली. पुन्हा आली नाही. पुढे करडीला दिली, धानाच्या शेतात राबली.

यजमान गेल्यावर माग मोडले. कुंदन तेव्हा सामान आवरायला आला होता. बांबूवरचं फडकं बघून म्हणाला, हे मी नेऊ का. मी लगेच नेऊ दिलं. ते जाळायला मी दोनदा चुलीपर्यंत नेलं होतं, पण माझ्या त्या चार पट्ट्यांच्या वर शोभाताईंचे शेकडो पट्टे होते, हात धजला नाही. मला वाटलं, ब्रश पुसायला नेतो आहे. चार महिने ब्रश पुसेल आणि फेकून देईल. साक्षीदार घरातून गेला म्हणून त्या रात्री मी शांत झोपले होते.

ते त्यानं फेकलं नाही, लाकडी फळीवर चिकटवलं. पत्रिका मिळाल्यावर मी फोन केला तेव्हा त्यानं कबूलही केलं. वरून निळा-करडा रंग दिला, मग पातीनं खरवडून खालचं थोडं थोडं वर आणलं. मी म्हटलं, ते फडकं तुझ्या मोठ्या आईचं आहे, लोकांना सांगशील का. तो हसला. म्हणाला, चित्र कशाचं बनलं त्याला महत्त्व नसतं. आणि चित्राचं नाव 'बुडीत' ठेवलंय, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांवर आहे ते.

आमचं आंधळगाव कुठल्याच पाण्याखाली गेलेलं नाही.

भंडाऱ्याचं सभागृह नवं होतं, फरशीत तोंड दिसत होतं. रीता आधीच येऊन दाराशी उभी होती, हातात माझ्यासाठी डबा. पन्नाशीला आली, केस पांढरे झाले, चालणं थेट शोभाताईंचं. मी म्हटलं, चल, एका बाजूला बसू. तेवढ्यात कुंदनच्या माणसांनी आम्हाला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. चित्रकाराची आई म्हणून माझ्या हातात फुलं दिली. बोलणं राहिलं.

चित्र समोरच्या भिंतीवर होतं, माणसाच्या उंचीचं, पुढे जाड काच. खाली पाटीवर कुंदनचं नाव आणि 'मिश्र माध्यम'. मी जवळून बघितलं. निळ्या-करड्या थराखालून आमचं सगळं आवार वर येत होतं. इथे शोभाताई रीताच्या बारशाच्या वेळचा म्हणून दाखवत तो हळदी. इथे तो विटकरी. हे उभे पट्टे शोभाताईंचे, लांब, खालपर्यंत एकसारखे, कारण त्या हात पुसतानाही घाई करत नसत. आणि खाली कोपऱ्यात त्या दिवशीचे माझे, आखूड, वाकडे, बंडीकडे बघत पुसलेले.

नागपूरहून चित्रकलेच्या प्राध्यापक दामिनी मॅडम आल्या होत्या. त्यांनी चित्र समजावून दिलं. आवाज गोड, समज चांगली. हा निळा-करडा म्हणजे साचलेल्या पाण्याची शांतता, म्हणाल्या. हा खरबरीत पोत म्हणजे नांगरलेल्या जमिनीची ढेकळं, हात फिरवावासा वाटेल असा. हे उभे पट्टे म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या मातीच्या भिंती. आणि हा लाल, सगळ्या शांततेत एकटा, स्वतःच्या कडांबाहेर पसरत चाललेला. हे दुःख आहे, त्या म्हणाल्या, आणि कोणी ते थांबवू शकलं नाही.

शेवटचं वाक्य तेवढं बरोबर होतं.

माझ्या मागे धनीराम नावाचे एक म्हातारे बसले होते. धरणात गाव गेलेल्यांपैकी म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ते शेजारच्याला हळूच म्हणाले, "माह्या गावात एवढा निळा कुठीच नव्हता बाप्पा." दोघे-तिघे हसले. कुंदनही हसला.

मग मॅडमनी मला माइक दिला. आईंना या चित्रात काय दिसतं, विचारलं.

रीताला एकटीला सांगायचं ठरवलं होतं, पण मला वाटलं, ओट्यावर जे चार लोकांसमोर झालं ते चार लोकांसमोरच फेडावं. मी उभी राहिले. रीताकडे बघून बोलले.

"हे रंगाचं फडकं आहे. आमच्या हंड्यामागं टांगलं राहे. हे उभे पट्टे माह्या जावेचे, शोभाताईचे. त्यायचा लाल कधीच उतरला नाही. हा खालचा डाग माहा आहे. लडी निवू देली नाही मी. मंडईले गेली. अकरा पातळं वाया गेली ते माह्यानं, आणि बोल त्यायनं आपल्या अंगावर घेतला. रीता, तुह्या मायचा हात उतरला नव्हता. मी खोटी बोलली."

कुंदनचा चेहरा पडला, पाटीवरचं 'मिश्र माध्यम' आता सगळ्यांना कळणार असं त्याला वाटलं असावं. माझ्या तोंडून ते बाहेर पडलं होतं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मग दामिनी मॅडमनी डोळे टिपले आणि माइक घेतला. म्हणाल्या, अमूर्त चित्राची ताकद याहून वेगळी काय सांगायची. धरणाच्या चित्रात या आजींना त्यांचा रंगाचा हंडा दिसला, गेलेली जाऊ दिसली. डाग त्यांनी स्वतःचा मानला. आपण सगळेच असं आपलं दुःख चित्रात नेऊन ठेवतो, आणि खरा अर्थ तोच.

टाळ्या झाल्या. खूप वेळ झाल्या. कुंदनही टाळ्या वाजवत होता, सुटका झाल्यासारखा. दोन मुली येऊन माझ्याबरोबर फोटो काढून गेल्या.

मी मॅडमना गाठलं. म्हटलं, मी अर्थ नाही सांगितला, झालं ते सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, तुमच्यासाठी ते झालेलंच आहे, आजी.

लोक चहाकडे गेले. रीता माझ्याजवळ आली, वाकून पाया पडली. तिचे डोळे ओले होते.

"काकी, मायसाठी एवढ्या लोकायसमोर बोलल्या तुम्ही. आजपावेतो आमच्या घरचं कोणी नाही बोललं."

"रीता, ते खरं आहे. डाग माहा आहे."

"असू द्या ना." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, जसा आजाऱ्याच्या फिरवतात. "मायनं स्वतः मले सांगतलं होतं. मरायच्या आधी विचारलं मी. म्हणे, माह्याच हातचा होता. ते काय खोटी बोलन?"

शोभाताईंनी शेवटपर्यंत पोरीलाही सांगितलं नव्हतं. मी ओट्यावर एकदा गप्प राहिले, त्या मरेपर्यंत माझ्यासाठी खोटं बोलत राहिल्या.

मी रीताचा हात धरून तिला चित्राजवळ नेलं. म्हटलं, बघ, माझी बोटं आखूड आहेत, तुझ्या आईची लांब होती. पट्टे बघ. आणि माझा उजवा हात काचेवर त्या डागावर ठेवला.

हात बसला नाही. चोवीस वर्षांच्या पोरीची ती बारीक बोटं होती. माझी आता संधिवातानं सुजलेली, गाठी आलेली, एकमेकींपासून फाकलेली. चार पट्टे माझ्या दोन बोटांखाली झाकले गेले.

"पाहा," रीता हळूच म्हणाली. "नाही बसत, काकी."

मग तिनं आपला हात शेजारी काचेवर टेकवला. शेतात राबलेला, पण सडपातळ. माझ्याहून तिचाच जास्त जुळत होता. ती त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली.

देखरेखीचा माणूस आला. काचेला हात लावू नका म्हणाला आणि खिशातल्या पांढऱ्या फडक्यानं आम्हा दोघींचे ठसे पुसून टाकले.

परतीच्या बसमध्ये रीतानं मला खिडकीशी बसवलं. वरठी गेल्यावर तिनं डबा उघडून माझ्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, काकी, लाल कसा करत होत्या ते एकदा सांगा ना. लहानपणी ऐकायचं राहून गेलं.

मी सांगितलं. पाणी किती, जाळ किती, लडी किती वेळा फिरवायची, जाळ कधी विझवायचा. त्याच पाण्यात निवू द्यायचं, हे दोनदा सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं, मधे मधे मान हलवली. आंधळगावात आता एकही हंडा नाही.

मोहाडीला तिला उतरायचं होतं, करडीची गाडी तिथून मिळते. उठताना तिनं माझा पदर नीट केला.

"घरी सुनेले सांगतो मी," ती म्हणाली. "म्हणतो, एक काकी आहे माही, तिनं माह्या मायचा डाग आपल्या अंगावर घेतला."

बस सुटली. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवत होती, आणि मीही इकडून हात हलवला.